हॉटेलचे भाव दाखवणारी ॲप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चार ॲप उघडली म्हणजे चार दुकानं फिरलो, असं होत नाही. मेकमायट्रिप आणि गोआयबिबो २०१७पासून एकाच कंपनीकडे आहेत. बुकिंग डॉट कॉम आणि अगोडा यांचाही मालक एकच. ट्रिवागो तर स्वतः खोली विकत नाही, भाव दाखवून दुसरीकडे धाडते. त्यामुळे महाबळेश्वर किंवा तारकर्लीची खोली शोधायला दोन्ही गटांतलं एकेक ॲप आणि गूगलचा हॉटेल-शोध एवढं पुरतं. गूगलवर जाहिरातींच्या खाली उतरा. २०२१पासून तिथे फुकट लिंकही दिसतात, आणि हॉटेलचं स्वतःचं संकेतस्थळ बऱ्याचदा त्यांतच सापडतं.

यादीतला मोठ्या अक्षरातला भाव बहुधा कर सोडून असतो. तुलना करायची ती पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. ७,६०० ची खोली करासकट ८,९६८ ला पडते, तर ७,५०० ची ७,८७५ ला. मूळ भावातल्या शंभराचे बिलात १,०९३ होतात! अशा काठावरच्या खोलीसाठी हॉटेललाच फोन करून शंभर रुपये उतरवून मागावेत. त्याच शेवटच्या पानावर विम्याची किंवा देणगीची खूण आधीच करून ठेवलेली असेल, तर ती काढा. कूपन ठरावीक बँकेच्या कार्डावरच चालत असेल, तर ते कार्ड हातात नसताना तो भाव धरूच नका.

सर्वांत जास्त फसगत जेवणाच्या प्लॅनमध्ये होते. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपीत नाश्त्यासकट दोन्ही जेवणं. समजा, एकीकडे खोली २,८०० ला ईपीवर आहे आणि दुसरीकडे ३,१०० ला सीपीवर. दोघांचा नाश्ता दीडशे-दीडशेचा धरला की दोन्ही सारखेच. मुलांची वयं शोधतानाच भरा. नाहीतर जादा गादीचे पैसे काउंटरवर निघतात आणि तिथे घासाघीस चालत नाही. खोलीच्या नावावरही जाऊ नका. एका ॲपवरची ‘डिलक्स’ दुसऱ्यावर ‘सुपिरिअर’ असते. फोटो आणि चौरस फूट जुळवून बघावेत.

खरी बचत फोनवर होते. ॲपचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्के, त्यामुळे मालकाला उतरायला जागा असते. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा दंड केला आणि हॉटेलांवरची समान भावाची अट, म्हणजे दुसरीकडे याहून स्वस्त खोली न विकण्याची सक्ती, काढायला सांगितलं. कंपनी त्यावर अपिलात गेली. फोनवर ‘डिस्काउंट आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘ॲपवर करासकट ३,१५० दिसतात, थेट घेतली तर कितीला द्याल?’ असं आकडा धरून विचारा. मालवणातल्या छोट्या मालकाकडून शे-दोनशे कमी किंवा नाश्ता फुकट, यांतलं एक तरी बहुधा पदरात पडतं. नाताळच्या आठवड्यात मात्र फोनचा पैसाही वसूल होत नाही. नंबर हॉटेलच्या संकेतस्थळावरूनच घ्या, कारण मॅपवरचा नंबर कोणीही बदल सुचवून पलटवू शकतो. आगाऊ रक्कम पाठवली की भाव, प्लॅन आणि तारीख व्हॉट्सॲपवर लिहून मागावी.

तारखा पक्क्या असतील तर फुकट रद्द होणारी खोली आधीच धरून ठेवा आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी पुन्हा भाव बघा. उतरला असेल तर आधी नवी घ्या, मग जुनी सोडा. उलटं केलं की नेमकी शेवटची खोली जाते.

काही जागा या ॲपांवर शोधून उपयोगच नाही. शिर्डीला संस्थानची भक्तनिवासं आहेत, त्यांचं बुकिंग संस्थानच्याच संकेतस्थळावर. गणपतीपुळ्याला जायचं तर एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) पानही वेगळं उघडून बघावं लागतं.

छोट्या लॉजमध्ये आणखी एक घोळ होतो. वहीतल्या खोल्या आणि ॲपवरच्या खोल्या कोणी जुळवतच नाही. मग रात्री दहाला ‘तुमचं बुकिंग आमच्याकडे आलेलंच नाही’ असं ऐकावं लागतं. बुकिंग झालं की दुसऱ्या दिवशी लॉजला फोन करून बुकिंग क्रमांक वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारा.