स्पिनोझाचे चार रविवार : जरूर जा, पण तिसऱ्या वर्गाआधी वाचून जा

पुण्यात नारायण पेठेतल्या छोट्या हॉलमध्ये सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ स्पिनोझावर चार वर्ग, फी १,२०० रुपये. मुळात वेळ शनिवारी सकाळची होती. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी; शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळते. फोन करून तसं सांगितल्यावर सरांनी सगळ्यांना विचारून वर्ग रविवारी नेला. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

पहिल्या दिवशी २७ जुलै १६५६ चा ठराव पूर्ण वाचला. अॅम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंनी तेवीस वर्षांच्या बारूख स्पिनोझाला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, एका छपराखाली राहायचं नाही, चार हातांच्या आत जायचं नाही, त्याचं लिखाण वाचायचं नाही. त्याची नेमकी मतं कोणती, ते ठरावात नाही. सरांनीही पदरचं काही घातलं नाही. इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, छळातून निसटून आलेल्या माणसांनीच हा ठराव केला, हे ऐकताना जीव कासावीस झाला.

दुसरा वर्ग माझ्या आवडीचा. मी बत्तीस वर्षं भूमिती शिकवली. स्पिनोझाचं 'एथिक्स' हे पुस्तकही व्याख्या, गृहीतकं, प्रमेय, सिद्धता अशाच क्रमाने जातं. ईश्वराखेरीज दुसरं द्रव्य (स्वतःच्याच आधाराने असणारं तत्त्व) असूच शकत नाही, या चौदाव्या प्रमेयासाठी पाचवं आणि अकरावं कसं लागतं, ते फळ्यावर तासभर उलगडलं. इतकं नेटकं शिकवणं मी क्वचित पाहिलंय.

तिसरा रविवार मात्र घाईत उरकला. १६७० साली निनावी छापलेला त्याचा धर्म आणि राज्यसत्तेवरचा ग्रंथ चाळीस मिनिटांत कसा संपेल? मोशेने ज्यूंना दिलेले नियम हे हिब्रू राज्याचे कायदे होते, राज्य गेलं तशी त्यांची सक्ती गेली, असं तो म्हणतो. मग मी रास्ता पेठेत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावते, ते कशासाठी? पुढे तो म्हणतो, ज्यू टिकले त्यात इतरांच्या द्वेषाचा मोठा हात आहे. इथे मी उभी राहिले. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलं, द्वेष केला नाही. ना राज्य, ना रब्बी म्हणजे धर्मगुरू. शेमा ही प्रार्थना, सुंता आणि शनिवार एवढ्यावर आम्ही टिकलो. सुंतेचं महत्त्व स्पिनोझालाही मान्य आहे. द्वेषाचं मात्र आमच्याबाबतीत खोटं ठरतं.

सरांनी तिथल्या तिथे उत्तर ठोकून दिलं नाही. आठवडाभर बेने इस्रायलींबद्दल वाचून आले आणि शेवटच्या वर्गातला अर्धा तास त्याला दिला. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी १९५३ साली लेख लिहून स्पिनोझावरचा अन्याय दूर करा म्हटलं. २०१५ साली अॅम्स्टरडॅममध्ये परिसंवादही झाला, तरी बहिष्कार कायम आहे. स्पिनोझाने मात्र दुसरा धर्म कधीच घेतला नाही. त्याच्या शेजारी सरांनी १९६४ ठेवलं. इस्रायलमधल्या रब्बींनी लग्नाआधी बेने इस्रायलींच्या वंशाची चौकशी लावली होती, लोक जेरुसलेममध्ये धरण्याला बसले, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

माझे काका त्या धरण्यात होते. ते सांगायचे, "ठराव झाला त्या रात्रीही मी तोच शेमा म्हटला, जो पुण्यात म्हणायचो." वर्गात मी हे सांगितलं आणि सरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या वेळी पाच वर्ग ठेवा, आणि टिपणं मराठीत द्या.