दोन मापांच्या सीमेवर: लहान रोड बाईक की मोठी?

रोड बाईकच्या मापांच्या तक्त्यात आपल्या उंचीसमोर ५२ आणि ५४ अशी दोन मापे दिसली की निर्णय अडतो. हे आकडे पूर्वी सीट ट्यूबची, म्हणजे फ्रेमच्या सीटखालच्या उभ्या नळीची, लांबी सेंटिमीटरमध्ये सांगत असत. वरची नळी उतरती झाल्यापासून मात्र ते बरेचसे नावापुरते उरले आहेत आणि एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४शी जुळेलच असे नाही. शिवाय समान उंचीच्या दोघांपैकी एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचे धड लांब असू शकते, त्यामुळे एकट्या उंचीवर विसंबू नये.

आधी पायाची आतली लांबी मोजावी. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यावर जाणवतो तितक्या दाबाने वर ओढावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. या लांबीला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते; ८० सेंमी पायासाठी ती सुमारे ७०.६ सेंमी भरते. सीटपोस्ट (सीटचा दांडा) वरखाली होत असल्याने ही उंची बहुधा दोन्ही फ्रेमवर साधता येते. म्हणजेच खरा फरक सीटच्या उंचीत नसून हँडल किती लांब आणि किती खाली राहील यात आहे, आणि तो रीच (क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर) व स्टॅक (त्याच दोन बिंदूंमधले उभे अंतर) या दोन आकड्यांत दिसतो.

लहान फ्रेमवर रीच कमी असल्याने आखूड धडाच्या किंवा आखूड हातांच्या माणसाला ती सोयीची पडते, आणि अंतर कमी वाटलेच तर स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) १० मिलिमीटरने लांब घेता येतो. तिची अडचण उंचीची आहे: लांब पायांसाठी सीट बरीच वर काढली की हँडल तुलनेने खाली जाते, कंबर आणि मान ताणली जाते. स्टेमखाली स्पेसर (कड्या) घालून हँडल वर आणता येते, पण ज्यावर त्या बसतात ती फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची) नळी एकदा कापली की ती वाढत नाही, म्हणून कापण्यापूर्वीच याचा विचार करावा. फार लहान फ्रेमवर वळताना पायाचा पंजा पुढच्या चाकाला लागण्याचा संभवही असतो.

मोठ्या फ्रेमवर स्टॅक जास्त, त्यामुळे लांब पायांच्या किंवा कमी लवचिक पाठीच्या माणसाला ती आराम देते. मात्र रीच जास्त झाला तर आखूड स्टेमने तो एका मर्यादेपर्यंतच कमी होतो, आणि स्टेम फार आखूड केला की सायकलचे वळणे बदलते.

‘शंका असेल तर लहान घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. लांब धड, कमावलेली लवचिकता आणि वेगाची आवड असणाऱ्याला लहान फ्रेम लांब स्टेमसह शोभते. लांब पाय आणि तासन्‌तास चालवण्याचा बेत असणाऱ्याने मोठी फ्रेम आधी आजमावावी, परंतु तिचा रीच झेपतो हे तपासूनच.

ही तपासणी चालवतानाच करावी. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. हात सारखे मागे, हँडलच्या आडव्या भागावर येत असतील किंवा शरीर सीटच्या टोकाकडे घसरत असेल, तर रीच बहुधा जास्त आहे. अशा वेळी सीट पुढे सरकवून वेळ मारून नेऊ नये, कारण सीटची जागा पॅडलवरील गुडघ्याच्या स्थितीवरून ठरते, हँडलच्या अंतरावरून नव्हे.