इलेक्ट्रॉनच्या टेस्टसाठी प्रॉक्सीक्वायर की जेस्ट?

इलेक्ट्रॉन म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट. तिच्या ॲपच्या टेस्ट साध्या नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवल्या की पहिला दणका इथेच बसतो: 'इलेक्ट्रॉन' रिक्वायर केलं (कोडमध्ये मॉड्यूल म्हणून मागवलं) तर हातात ना डायलॉग येतो ना ॲप, येते ती एक्झिक्युटेबलच्या पाथची नुसती स्ट्रिंग. मॉक केल्यावाचून, म्हणजे खऱ्या मॉड्यूलच्या जागी नकली ठेवल्यावाचून, सुटका नाही. मी मोका (टेस्ट चालवणारं टूल) आणि प्रॉक्सीक्वायर (रिक्वायरच्या वेळी नकली मॉड्यूल पुढे करणारं) यांच्यावर दोनेक वर्षं काढली, आता जेस्टवर आहे; ते टेस्ट आणि मॉक दोन्ही सांभाळतं.

प्रॉक्सीक्वायर मला अजूनही आवडतं. कोणत्या नावाला कोणता ऑब्जेक्ट द्यायचा ते फाइल लोड करतानाच सांगायचं, बस. ('इलेक्ट्रॉन'ला मात्र नोकॉलथ्रू लावा, नाहीतर ते मूळ मॉड्यूलही उघडायला जातं.) फाइल दरवेळी नव्याने लोड होते, त्यामुळे आधीच्या टेस्टचं उष्टं पुढच्या टेस्टच्या ताटात येत नाही. जेस्टमध्ये त्यासाठी रीसेटमॉड्यूल्स आठवणीने लिहावं लागतं. शिवाय जेस्ट मॉकची ओळ परस्पर फाइलच्या डोक्यावर नेऊन ठेवतं, आणि बाहेरचं व्हेरिएबल आत वापरायचं तर त्याचं नाव 'मॉक'ने सुरू व्हावं लागतं. हे कळेपर्यंत माझी एक दुपार गेली.

तरी मी हललो, ते एका फोल्डरपायी. एक्सपोर्टच्या कोडमधली फाइल लिहिणारं मॉड्यूल मी एक पायरी वर नेलं. कोडमधला पाथ बदलला, टेस्टमधला राहिला. प्रॉक्सीक्वायरला दिलेलं नाव कोडमधल्या रिक्वायरशी अक्षरशः जुळावं लागतं. जुळलं नाही तर ते चकार शब्द काढत नाही, खरं मॉड्यूल वापरतं. माझी टेस्ट फक्त 'सेव्ह झालं' एवढंच तपासत होती, आणि सेव्ह तर खरंच होत होतं! डायलॉगच्या नकली उत्तरात मी आळसाने माझ्याच डाउनलोड्समधल्या बिल.सीएसव्हीचा पाथ लिहिला होता. आठवड्याने ग्राहकाने पाठवलेली तीच बिल.सीएसव्ही उघडली, तर आत एकच ओळ: टेस्ट, 1, 100.

चूक माझीच, मान्य. पण मॉक करायची फाइल त्या जागी नसेल तर जेस्ट तिथल्या तिथे एरर देऊन थांबतं. मला तेवढं ओरडणारं कुणीतरी हवं होतं.

इलेक्ट्रॉन 28पासून मेन प्रोसेसमध्येही (ॲपच्या मुख्य भागात) रिक्वायरऐवजी इम्पोर्ट, म्हणजे मॉड्यूल मागवायची नवी पद्धत, चालतं. तिकडे जाणार असाल तर प्रॉक्सीक्वायरचा प्रश्नच मिटतो, ते रिक्वायरपुरतंच आहे. जेस्टचा तिथला मॉकही नावातच 'अनस्टेबल' लावून बसलाय. जुना प्रोजेक्ट मोकावर सुरळीत चालू असेल तर एवढ्यासाठी मोडतोड करा असं मी म्हणणार नाही. फक्त टेस्ट हिरव्या झाल्या की एकदा डाउनलोड्स उघडून बघा.