फाउंडर्स ऑनलाइन: घर, शेत आणि सरकार एकाच टपालात

राष्ट्राध्यक्ष असताना जॉर्ज वॉशिंग्टन फिलाडेल्फियाहून माउंट व्हर्नन या आपल्या शेतीवाडीच्या कारभाऱ्याला जवळजवळ दर आठवड्याला, बहुधा रविवारी, पत्र लिहीत असत. कोणत्या शेतात काय पेरायचे, कुंपण कशाचे घालायचे, सुतारांनी आठवडाभर नेमके काय केले आणि मागच्या अहवालातल्या अमुक नोंदीचा मेळ का बसत नाही, या सगळ्याची चौकशी ते अशा बारकाईने करतात की वाचणाऱ्याला कारभाऱ्याचीच कीव यावी. त्याच माणसाच्या मेजावर त्याच आठवड्यात मंत्र्यांचे अहवाल, परराष्ट्रांचे खलिते आणि नोकरीसाठी आलेले अर्ज पडलेले असत. इतिहासाच्या पुस्तकात शेतीचे एक प्रकरण असते आणि राज्यकारभाराचे दुसरे. अमेरिकेच्या संस्थापकांचे कागद एकत्र देणाऱ्या फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर मात्र ती पत्रे तारखेच्या ओघात एकाखाली एक येतात, आणि माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल यातच आहे.

प्रथम सेवेविषयी थोडेसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेच्या सहकार्याने जून २०१३ मध्ये हे संकेतस्थळ खुले केले. जॉर्ज वॉशिंग्टन, बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स आणि त्यांचे कुटुंब, थॉमस जेफर्सन, अलेक्झांडर हॅमिल्टन व जेम्स मॅडिसन यांचे कागद सुरुवातीपासून होते. जॉन जे यांची भर नंतर पडली. आज सुमारे १ लाख ८५ हजार कागद तेथे वाचता येतात, तेही शुल्क किंवा खाते यांची अट नसताना. यामागे संपादकांच्या काही पिढ्यांचे काम आहे. जेफर्सन यांच्या कागदांचा प्रिन्स्टन येथे सिद्ध झालेला पहिला छापील खंड १९५० सालचा आहे, आणि अशा जाडजूड खंडांची सगळी मांडणी तळटीपांसकट पडद्यावर आलेली आहे. लिहिणारा, ज्याला लिहिले तो, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीप्रमाणे पाडलेले कालखंड अशा तीन चाळण्या लावून शोध घेता येतो. नव्या वाचकाला माझी सूचना अशी की, शब्द शोधण्याआधी दोन नावे निवडावीत आणि त्यांची पत्रे तारखेप्रमाणे वाचत जावीत. शब्दाने शोधले की सुटे वाक्य हाती लागते, नावांनी शोधले की संबंध उलगडतो.

नमुना म्हणून अ‍ॅबिगेल आणि जॉन अ‍ॅडम्स घ्यावेत. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात अ‍ॅबिगेलने नव्या कायद्यांत स्त्रियांचा विसर पडू देऊ नका असे नवऱ्याला बजावले, हे पुष्कळांना ठाऊक असते आणि बहुतेकांचे वाचन तेथेच थांबते. पुढची काही वर्षे वाचत गेल्यास घरातल्या पैशांचा एक दीर्घ आणि फार मनोरंजक वाद हाती लागतो. जॉन यांचा जीव जमिनीत अडकलेला होता. शेजारचा तुकडा विकायला निघाला की तो आपल्या शेताला जोडून घ्यावा, ही त्यांची ओढ आपल्याकडच्या कोणत्याही बागायतदाराला लगेच ओळखू येईल. अ‍ॅबिगेलचा कल सरकारी कर्जरोख्यांकडे होता, कारण जमिनीवर कर भरावा लागतो, मजूर मिळत नाहीत आणि कुळे दमवतात, तर रोख्याचे व्याज घरबसल्या येते, हा हिशेब तिने स्वतः शेत चालवून अनुभवला होता. तरीही १७८२ मध्ये तीच व्हरमाँटमधल्या सेलम या नव्या वसाहतीच्या मोहात पडली आणि तिने १,६५० एकर घेतले. तेथे माणशी ३३० एकरांची मर्यादा असल्यामुळे नवरा आणि चार मुले अशी पाच नावे लागली; विवाहित स्त्रीच्या नावावर कायद्याने मालमत्ता होत नसल्यामुळे सौदा जुळवणारीचे नाव त्यांत नव्हते. राजदूत म्हणून युरोपात असलेल्या जॉन यांनी, यापुढे व्हरमाँटच्या भानगडीत पडू नकोस, असे उत्तर धाडले. राज्य उभारणीची चर्चा आणि ही कानउघाडणी एकाच टपालातून जात होती, हे पत्रे ओळीने वाचल्याशिवाय मनावर ठसत नाही.

फ्रँकलिन बापलेकांची पत्रे याच्या अगदी उलट टोकाची आहेत. मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा ब्रिटिश गव्हर्नर. अमेरिकन क्रांतीत तो ब्रिटनच्या राजाच्या बाजूने राहिला. युद्ध संपल्यावर त्याने जुळवून घेण्यासाठी लिहिले, आणि १६ ऑगस्ट १७८४ च्या उत्तरात बापाने म्हातारपणी एकुलत्या मुलाने साथ सोडल्याचे दुःख मांडले. त्या पत्रात राग आहे, पण आरडाओरड नाही. पुढच्या वर्षी साउदॅम्प्टनला दोघे भेटले तेव्हा जुने कर्ज फेडून घेण्यासाठी विल्यमच्या अमेरिकेतल्या जमिनींचा व्यवहार उरकण्यात आला. भाऊबंदकीचे कागद वाचलेल्या मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

वॉशिंग्टन यांच्या जमिनींचा माग काढण्यासाठी तर या सेवेइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही. राजाच्या १७६३ च्या जाहीरनाम्याने अपलाचियन पर्वतांपलीकडे वसाहतीला बंदी असताना सप्टेंबर १७६७ मध्ये ते विल्यम क्रॉफर्ड या मोजणीदाराला लिहितात की, ही बंदी म्हणजे तेथल्या मूळ रहिवाशांची समजूत घालण्यापुरती तात्पुरती सोय आहे, तेव्हा चांगल्या जमिनी आत्ताच हेरून ठेवाव्यात आणि शिकारीचे निमित्त करून काम गुपचूप चालवावे. क्रॉफर्डने शोधलेल्या जमिनींपैकी पश्चिम पेनसिल्व्हेनियात मिलर्स रन येथे २,८१३ एकर होते. युद्ध संपल्यावर सप्टेंबर १७८४ मध्ये मालक प्रत्यक्ष तेथे पोहोचले, तर त्या जमिनीवर काही कुटुंबे घरे बांधून आणि रान साफ करून वसलेली. त्या भेटीची रोजनिशी, नंतर वकील थॉमस स्मिथ यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आणि १७८६ मध्ये वॉशिंग्टन यांच्या बाजूने लागलेला निकाल ही सगळी साखळी टीपांच्या आधारे जुळवता येते. घटनासमितीच्या अध्यक्षस्थानी बसण्याच्या एकच वर्ष आधी हा माणूस वहिवाटदारांना बेदखल करण्याचा दावा लढवत होता, ही गोष्ट चरित्रांत एका परिच्छेदात उरकली जाते. मूळ कागदांत तिला दोन वर्षे लागतात, आणि त्या लांबीमुळेच ती खरी वाटते.

सरकारी पत्रव्यवहारापैकी एक कागद मी प्रत्येकाला वाचायला सांगतो. १ डिसेंबर १७९० रोजी सेनेका या मूळ रहिवासी जमातीचा पुढारी कॉर्नप्लांटर आणि त्याचे दोन सहकारी फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षांना उद्देशून बोलले, आणि ते भाषण वॉशिंग्टन यांच्या कागदांत उतरवलेले आहे: तुमचे सैन्य आमच्या मुलखात शिरले तेव्हा आम्ही तुम्हाला गावे उद्ध्वस्त करणारा म्हणू लागलो; आजही ते नाव कानावर पडले की आमच्या बायका मागे वळून पाहतात आणि पांढऱ्या पडतात, मुले आईच्या गळ्याला घट्ट बिलगतात, अशी त्याची सुरुवात आहे, आणि पुढे १७८४ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात जमीन कशी काढून घेतली गेली याची तक्रार आहे. या सेवेचे सामर्थ्य असे की, त्याच पडद्यावर ३१ मे १७७९ चा वॉशिंग्टन यांचा जनरल सलिव्हन यांना दिलेला हुकूम उघडता येतो, ज्यात वस्त्यांच्या संपूर्ण विध्वंसाची आज्ञा आहे. आणि २९ डिसेंबर १७९० चे उत्तरही वाचता येते: संघराज्याच्या संमतीवाचून आता कोणतेही राज्य किंवा खाजगी माणूस तुमची जमीन विकत घेऊ शकणार नाही, सरकार तुमची फसवणूक होऊ देणार नाही. हे आश्वासन पोकळ नव्हते, कारण त्याच वर्षी काँग्रेसने तसा कायदा केलेला होता. पण तो कायदा करणाऱ्या सरकारला स्वतः जमीन घ्यायची इच्छा झाली तर काय, याचे उत्तर त्या पत्रात नाही.

ते उत्तर पुढच्या दशकात जेफर्सन यांच्या कागदांत सापडते. नोव्हेंबर १८०२ मध्ये कॉर्नप्लांटरचा सावत्र भाऊ हँडसम लेक याला ते सौम्य शब्दांत लिहितात की जमीन विकणे न विकणे तुमच्या मर्जीवर आहे. २७ फेब्रुवारी १८०३ रोजी इंडियाना प्रांताचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांना, हे पत्र खाजगी समजावे अशी सूचना देऊन, ते कळवतात की सरकारी व्यापारी कोठारांतून जमातींतल्या वजनदार माणसांना उधारी होऊ द्यावी, म्हणजे कर्ज डोईजड झाले की ते जमीन देऊन मोकळे होतील. दोन्ही पत्रे एकाच माणसाची आणि मधले अंतर चार महिन्यांहूनही कमी. सावकाराच्या वहीची रीत ज्या समाजाला माहीत आहे त्याला या पत्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ही पत्रे टिकली याचे श्रेय लिहिणाऱ्यांच्या दफ्तरी शिस्तीलाही आहे. जेफर्सन यांनी १७८३ पासून १८२६ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत आवक-जावक पत्रांची नोंदवही ठेवली, आणि १८०४ पासून ते दोन लेखण्या जोडलेल्या पॉलिग्राफ यंत्रावर लिहीत, ज्यामुळे मूळ पत्र आणि नक्कल एकदमच तयार होई. संपादकांच्या टीपाही तितक्याच काटेकोर आहेत. पाठवलेली प्रत, मसुदा की वहीतली नक्कल, यांपैकी आपण काय वाचत आहोत हे प्रत्येक संपादित कागदाखाली दिलेले असते, आणि मसुद्यात खोडलेली वाक्ये कित्येकदा टीपेत सापडतात. घाईने वाचणाऱ्याने टीपा टाळल्या तर त्याच्या हाती निम्माच ऐवज लागेल.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव म्हणजे हे सात पुरुषांच्या मेजांवरचे टपाल आहे, आणि इतरांचा आवाज या सातांनी त्यांच्याविषयी लिहिले किंवा त्यांनी या सातांना लिहिले तेवढाच ऐकू येतो. मेरी कॅथरीन गॉडर्ड बाल्टिमोरच्या पोस्टमास्तर होत्या. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना काढण्यात आले, तेव्हा डिसेंबर १७८९ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला, आणि ६ जानेवारी १७९० च्या थोडक्या उत्तरात तो विषय पोस्टमास्तर जनरलकडे टोलवला गेला. तो अर्ज येथे आहे म्हणून त्या येथे आहेत. गुलामगिरीत जखडलेली माणसे बहुतेक वेळा यादीतले नाव म्हणूनच भेटतात: १७९९ च्या माउंट व्हर्ननच्या यादीत अशी ३१७ माणसे आहेत, आणि त्यांतली १५३ वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतली असल्यामुळे वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राने त्यांना मुक्त करता आले नाही. ती यादी आणि मृत्युपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचावे. बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने १९ ऑगस्ट १७९१ रोजी जेफर्सन यांना लिहिलेले सडेतोड पत्र हा ठळक अपवाद. घरच्या पत्रांतही मोठी खिंडारे आहेत, कारण मार्था वॉशिंग्टन यांनी नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जाळून टाकला. याचा दोष अर्थातच संकेतस्थळाकडे जात नाही.

काही मर्यादा मात्र सेवेच्याच आहेत. मूळ हस्तलिखिताचे छायाचित्र मजकुराशेजारी नसते. वॉशिंग्टन आणि जेफर्सन यांचे अक्षर पाहायचे तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचे संकेतस्थळ वेगळे उघडावे लागते. ज्यांचे छापील खंड अजून निघायचे आहेत असे कागद तात्पुरत्या, न तपासलेल्या पाठात आणि टीपांविना दिलेले आहेत. तशी सूचना असते, पण उतारा घेणाऱ्याने ती नजरेआड करू नये. त्या काळचे स्पेलिंग मनमानी असल्यामुळे एकच शब्द दोन-तीन तऱ्हांनी शोधावा लागतो, आणि जेफर्सन तर वाक्याच्या आरंभी मोठे अक्षरही सहसा घालत नसत. खात्यांचा कारभार पाहायचा असेल तर ही जागा अपुरी आहे. ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत युद्धखात्याचे दफ्तर जळाले, आणि जगभर विखुरलेल्या प्रतींवरून ते पुन्हा उभे करण्याचा जॉर्ज मेसन विद्यापीठाचा प्रकल्प निराळाच आहे. मूळ रहिवाशांशी झालेल्या व्यवहारासाठी तो सोबत ठेवावा.

मराठी वाचकासाठी अडचण इंग्रजीची आहे, आणि तीही अठराव्या शतकातल्या लांबलचक वाक्यांच्या इंग्रजीची. पण मोडी कागदांची ज्याला सवय आहे त्याला मायन्यापासून सहीपर्यंतचा हा सगळा दरबारी थाट परका वाटणार नाही. वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये गेले आणि नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये. पेशवे दफ्तरातले त्याच वर्षांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, असे नावानिशी, तारखेनिशी, टीपांसह घरबसल्या उघडता आले असते तर, हा विचार वाचताना दर दहा पत्रांमागे एकदा डोकावतोच. सुरुवात करायची असेल तर १७९३ पासून माउंट व्हर्ननचा कारभार पाहणारे विल्यम पिअर्स यांना वॉशिंग्टन यांनी लिहिलेली पत्रे निवडावीत. ती सुबोध आहेत, आणि त्यांच्या तारखांच्या आगेमागे राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्या कोणाला काय लिहिले हे पाहायला फार शोधाशोध करावी लागत नाही.