स्वतंत्र वाहिनी की सामायिक ट्रंक यंत्रणा?

अमेरिकेतील छोट्या गावांचे पोलीस आणि अग्निशमन दल वर्षानुवर्षे आपापल्या ठरावीक रेडिओ वारंवारितेवर, म्हणजे स्वतंत्र वाहिनीवर, बोलत आले. ही पद्धत सोपी व स्वस्त आहे. पण शेजारच्या दलाशी बोलायचे तर निरोप बहुधा नियंत्रण कक्षामार्फतच फिरतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मिळालेला इमारत कोसळण्याचा इशारा, यंत्रणा वेगळ्या असल्यामुळे, आत असलेल्या अग्निशमन जवानांपर्यंत थेट पोहोचू शकला नाही.

ट्रंक यंत्रणेत सर्व दलांसाठी मिळून रेडिओ वाहिन्यांचा एकच साठा असतो आणि नियंत्रक संगणक प्रत्येक संभाषणाला त्या क्षणी मोकळी असलेली वाहिनी देतो. मिनेसोटामधील ‘आर्मर’ ही अशीच ८०० मेगाहर्ट्‌झची यंत्रणा; १ ऑगस्ट २००७ रोजी मिनिआपोलिसचा पूल कोसळला, तेव्हा अनेक दलांना तिच्यामुळे परस्परांशी बोलता आले.

खर्च मात्र मोठा आहे, आणि सर्व वाहिन्या व्यापल्या गेल्या की बोलणाऱ्याला थांबावे लागते. तरीही माझा कौल सामायिक यंत्रणेलाच आहे, फक्त एका अटीवर: ही यंत्रणा रेडिओ मनोऱ्यांवर चालते आणि जळत्या इमारतीच्या तळघरात मनोऱ्याचा संकेत पोहोचेलच असे नाही, म्हणून जवानांच्या वॉकीटॉकीत मनोऱ्याशिवाय थेट संभाषणाची साधी वाहिनी राखून ठेवलीच पाहिजे.