लॅपटॉप की तबकड्या : टाइमकोडवर काढलेले नऊ महिने

आठ वर्षे मी डीजे म्हणून लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कंट्रोलर (गाणी हाताळायची बटणे आणि चकत्या असलेली पेटी) यांवरच कार्यक्रम केले. नाशिकच्या मखमलाबाद, गंगापूर रोड आणि त्र्यंबक रोड परिसरातील लॉन्सवर होणाऱ्या हळदी, संगीत आणि स्वागतसमारंभ हे माझे मुख्य काम, आणि महिन्यातून एखादी संध्याकाळ कॉलेज रोडवरील एका लहानशा कॅफेत. गेल्या दिवाळीनंतर मी मुंबईहून दोन वापरलेले टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारी यंत्रे) आणले, टाइमकोडच्या दोन तबकड्या घेतल्या आणि लॅपटॉप बाजूला सारून नव्हे, तर त्यालाच या तबकड्या जोडून काम सुरू केले. एक पूर्ण लग्नसराई आणि बराचसा पावसाळा एवढा काळ या मांडणीवर गेल्यामुळे आता तिच्याविषयी सविस्तर लिहायला हरकत नाही.

ही पद्धत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टाइमकोडच्या तबकडीवर गाणे नसते. तिच्या खाचेत एकसारखा किरकिरणारा सूर कोरलेला असतो (सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या तबकड्यांवर तो १ किलोहर्ट्झचा असतो). सुईने उचललेला हा सूर साउंडकार्डमार्फत लॅपटॉपमध्ये जातो. सूर चढला की तबकडी वेगाने फिरते आहे, उतरला की मंदावली आहे, असे सॉफ्टवेअर ताडते. फिरण्याची दिशा त्याला डाव्या आणि उजव्या चॅनेलमधील फरकावरून कळते आणि त्यानुसार ते लॅपटॉपमधील गाणे पुढे-मागे हलवते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फायनल स्क्रॅच या नावाने ही कल्पना बाजारात आली आणि २००४ साली सेराटोच्या स्क्रॅच लाइव्हने ती घरोघरच्या डीजेंपर्यंत पोहोचवली.

यावरून एक गोष्ट उघड आहे. कानावर पडणारा आवाज रेकॉर्डचा नसून लॅपटॉपमधील फाइलचाच असतो. रेकॉर्डचा म्हणून जो खास भरदार आवाज सांगितला जातो, त्यासाठी कोणी हा खर्च करणार असेल तर त्याने करू नये. लॉनवर दीडशे माणसे नाचत असताना तो फरक मलाही ऐकू येत नाही.

मला जो फरक पडला तो लयीच्या कामात, आणि तो मी मुळीच अपेक्षिला नव्हता. संगणकावर तयार झालेल्या नृत्यसंगीताचा वेग पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तसूभरही बदलत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरची बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या जागांची आखणी, त्यावर चपखल बसते, सिंकचे बटण दाबले की दोन गाणी जुळतात आणि डीजेला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. पण नाशिकच्या हळदीत निम्म्याहून अधिक फर्माईश जुन्या मराठी गाण्यांची असते, आणि ती गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. मुखड्याला मिनिटाला १०४ ठोके असलेले गाणे शेवटच्या अंतऱ्यापर्यंत १०८ वर गेलेले मी स्वतः मोजले आहे. ढोलकीवाला रंगात आला की लय चढणारच! तिथे ग्रिड घसरते आणि सिंक केलेली दोन गाणी अर्ध्या मिनिटात एकमेकांच्या पायात पाय घालू लागतात. सहा मात्रांच्या दादऱ्याची तर पुरती दैना होते, कारण सॉफ्टवेअर मुळातच सगळे चार-चारच्या चौकटीत बसवू पाहते.

अशा वेळी हात लागतो. फिरत्या तबकडीच्या कडेला तर्जनी नुसती टेकवली की वेग क्षणभर उतरतो आणि मधली खुंटी चिमटीत धरून हलकेच पिळली की तो किंचित चढतो. लयीतील कायमचा फरक उजव्या हाताच्या पिच फेडरने, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खटक्याने काढायचा, ज्याची मर्यादा या यंत्रावर अधिक-उणे ८ टक्के आहे. हे सारे कंट्रोलरच्या जॉगव्हीलवरही करता येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती चकती स्वतः फिरत नाही, म्हणून तिला ढकलले तेव्हा गाणे नेमके किती सरकले ते बोटांना कळत नाही आणि डोळे पडद्याकडे वळतात. टर्नटेबलवर गाण्याचे वजन बोटाखाली असते. तीन-चार महिन्यांनंतर मी लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटून ठेवू लागलो आणि पूर्ण लक्ष हेडफोनवर देऊ लागलो. आठ वर्षांत जेवढे बीटमॅचिंग (दोन गाण्यांचे ठोके जुळवणे) शिकलो नव्हतो, तेवढे या काळात शिकलो, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

की-लॉकविषयी एक सूचना. गाण्याचा वेग ६ टक्क्यांनी वाढवला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते आणि गायिकेचा आवाज ओळखीचा राहत नाही. खऱ्या रेकॉर्डवर याला इलाज नसतो. टाइमकोडमध्ये की-लॉक चालू करून सूर जागच्या जागी ठेवता येतो, मात्र मग ढोलकीच्या थापेची धार बोथट होते. तीन टक्क्यांपर्यंत मी की-लॉक बंदच ठेवतो.

आता गैरसोयींकडे वळतो, आणि त्या किरकोळ नाहीत. प्रत्येक टर्नटेबल दहा किलोंहून जड आहे. कंट्रोलर मांडायला मला दहा मिनिटे लागत, आता पाऊण तास लागतो. लॉनवर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. त्यामुळे साडेसातची हळद पावणेनऊला सुरू झाली आणि माझी मांडणी अजून व्हायची असली, तर यजमानांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहवत नाहीत. त्यातच पहिल्या महिन्यात प्रत्येक ठिकाणी स्पीकरमधून घोंघावणारा आवाज येई. टर्नटेबलची बारीक अर्थची तार मिक्सरच्या स्क्रूला घट्ट बसवूनही तो जाईना. शेवटी कारण निघाले जनरेटरच्या बोर्डाला अर्थिंगच नसण्यात, आणि तेव्हापासून मी टेस्टर व स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड बरोबर ठेवतो.

सुई हा दुसरा नाजूक भाग. नाचणाऱ्यांच्या पायांनी लाकडी मंच हलला की सुई उडते. सॉफ्टवेअरमध्ये रिलेटिव्ह मोड निवडला तर सुई उडूनही गाणे जागेवर राहते, म्हणून सुई पडेल तिथून गाणे वाजवणारा अ‍ॅब्सोल्यूट मोड मी कार्यक्रमात वापरतच नाही. धुळीवर मात्र मोडचा काही उपाय चालत नाही. सुईच्या टोकाशी कापसाच्या बोंडासारखा करडा गोळा जमतो, सिग्नल तुटक होतो आणि गाणे थरथरल्यासारखे वाजू लागते. उन्हाळ्यात उघड्या लॉनवर मी दर तीन-चार गाण्यांनी ब्रशने सुई झटकतो. टाइमकोडची तबकडीही झिजते. माझ्या एका तबकडीच्या सुरुवातीच्या खाचा इतक्या वापरल्या गेल्या आहेत की आता मी सुई दोन-तीन मिनिटे आत ठेवूनच सुरुवात करतो.

वीज गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, तबकडी मात्र थांबते आणि तिच्याबरोबर गाणेही रडवेला सूर काढत थांबते. अर्थात अ‍ॅम्प्लिफायरही बंद झालेला असल्यामुळे ते कुणाला ऐकू येत नाही. वीज परतली की ही यंत्रे ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेतात, ही त्यांची जुनी ख्याती आहे आणि ती खरी आहे.

मखमलाबादच्या एका हळदीतला प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवरीची मावशी, दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीने माखलेले, फर्माईश सांगायला आल्या आणि बोलता बोलता त्यांनी डावा पंजा थेट फिरत्या तबकडीवर ठेवला. गाणे घशात घास अडकावा तसे खर्जात जाऊन थांबले आणि अख्खा मांडव आमच्याकडे पाहू लागला.

"अरे बाळा, हे खरंच फिरतंय होय? मला वाटलं शोभेला ठेवलंय."

"हो मावशी, यावरच गाणं चालतं. हात काढा ना जरा."

त्यांनी हात काढला आणि गाणे तिथूनच पुढे सुरू झाले, याचे त्यांना भारी नवल वाटले. मग त्यांनी आणखी दोघींना बोलावून आणले. लॅपटॉपमागे उभा असताना आठ वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. हा व्हॉट्सअ‍ॅप पाहत उभा आहे, असाच बहुतेकांचा समज असे. हळद खाचांतून निघायला मात्र कोमट पाणी, सौम्य साबण आणि तासभर वेळ लागला.

खऱ्या रेकॉर्ड वाजवण्याचा प्रयोग मी फक्त कॅफेत केला. वडिलांकडच्या एचएमव्हीच्या जुन्या एलपी आणि सात इंची ईपी घेऊन सलग चार संध्याकाळी लॅपटॉपशिवाय वाजवले. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटे संगीत असते, म्हणून पुढचे गाणे निवडायला अवधी मिळतो, असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात हवे ते गाणे चौथ्या पट्ट्यात असते आणि मंद दिव्याखाली दोन गाण्यांमधली ती गुळगुळीत रेघ शोधताना घाम फुटतो. साठ रेकॉर्डचे खोके जिन्यावरून वर नेताना कंबर धरली ती वेगळीच. पावसाळ्यात कव्हरांना बुरशीचे पांढरे ठिपके पडू लागल्यावर मी तो संग्रह घरच्या कपाटात परत ठेवला. कॅफेचे गिऱ्हाईक मात्र त्या संध्याकाळी निवांत बसून ऐकत होते, कारण तिथे फर्माईश कुणी करतच नाही. लग्नात "दादा, हे यूट्यूबवरचं लावा" म्हणणाऱ्याला साठ रेकॉर्डच्या खोक्यातून काय काढून देणार?

खर्चाचे गणित असे : टर्नटेबल दोन्ही मिळून सव्वा लाख, त्यावर सुया, तबकड्या, साउंडकार्ड आणि दोन भक्कम पेट्या. याची वसुली बिदागीतून झालेली नाही. यजमान तबकड्यांसाठी एक रुपया जास्त देत नाहीत. नुकतीच सुरुवात करणाऱ्याने आधी बऱ्यापैकी कंट्रोलर घ्यावा, त्यावर सिंक बंद ठेवून वर्षभर कानाने गाणी जुळवावीत आणि तरीही बोटे शिवशिवत असतील तरच टर्नटेबलकडे वळावे.

माझा कंट्रोलर मी विकलेला नाही. मिरवणुकीसाठी आणि उशिरा सुरू होणाऱ्या हळदींसाठी तोच नेतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या ज्या तारखा ठरल्या आहेत, त्यांपैकी तीन ठिकाणी टर्नटेबल नेणार आहे. त्या तिन्ही यजमानांना मी लिहून दिले आहे की टेबल मंचावर नको, जमिनीवर हवे, बोर्डाला अर्थिंग हवे आणि टेबलाभोवती दोरी हवी.