पुतळ्यावर घाम गाळायला लावणारं प्रशिक्षण

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग बनवायच्या विभागात, गेल्या महिन्यात दोन दिवसांचं आपत्कालीन प्रशिक्षण झालं. मी सेकंड शिफ्टची सुपरवायझर. आधीच्या संस्थेने नुसत्या स्लाइड दाखवून सर्टिफिकेटं वाटली होती. या नव्या संस्थेने पहिल्याच तासाला सरावाचा पुतळा जमिनीवर ठेवला. "ताई, दाबा!" सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबताना, मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान ५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. दोन मिनिटांत माझे खांदे भरून आले. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, ते तिथे कळलं.

मग ट्रेमध्ये डिझेल पेटवून प्रत्येकाच्या हातात आग विझवायचा सिलिंडर दिला. पिन काढायची, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची आणि झाडू मारल्यासारखी फिरवायची. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरचा भोंगा, म्हणजे गॅस बाहेर पडतो ते तोंड, उघड्या हाताने धरला तर कातडी गोठते, हे आमच्या मेंटेनन्सच्या पोरांनाही ठाऊक नव्हतं.

कंत्राटी कामगारांनाही सोबत बसवून हिंदीत समजावलं, याचं मला फार समाधान वाटलं. प्रेसवर हात त्यांचेच असतात. उणीव एकच, बाहेर पडण्याचा सराव फक्त दिवसा झाला. रात्रपाळीला माणसं कमी, मागचं गेट बंद. रात्रीचा सराव मी मागून घेतलाय, पुढच्या महिन्यात आहे. तरीही साडेचार तारे.